पेटीचं वय

जुनी पेटी दुरुस्तीला आली की तिच्यासोबत एक आकडाही येतो. ‘शंभर वर्षांची आहे मास्तर’, ‘पणजोबांनी मुंबईहून आणली’, ‘गोऱ्या साहेबाकडून लिलावात घेतली’. नगर जिल्ह्यात जिथे मारुतीचं देऊळ तिथे भजनी मंडळ, आणि मंडळ आहे तिथे देवळाच्या मागच्या खोलीत धाबळीत गुंडाळलेली एक तरी पेटी असतेच. नेवासे, शेवगाव, पाथर्डी, राहुरी, पारनेर अशा गावोगावच्या पेट्या उघडण्यात माझं आयुष्य गेलं. पूर्वी लोक एवढंच विचारायचे, की सप्ताहाच्या आधी मिळेल का. आता वय विचारतात, आणि त्याच दमात किंमत विचारतात, कारण जुन्या वस्तूंचे व्यापारी खेड्यापर्यंत पोचले आहेत.

मी उलट विचारतो : कशाचं वय सांगू? खोक्याचं, सुरांचं, भात्याचं की पट्ट्यांचं? एकाच पेटीत ही चार वयं निरनिराळी असतात. पेटी वाजत राहिली असेल तर ती निराळी असायलाच हवीत. चारही वयं एकच निघाली तर ती पेटी बहुधा कुणी फारशी वाजवलेली नाही.

मूळ यंत्र फ्रान्सचं. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. आपल्याकडे गवई जमिनीवर बसतो, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी भाता मागे नेला, पाय काढून टाकले आणि हातपेटी घडवली. पेटी देशी झाली, पण सूर बरीच वर्षं परदेशीच राहिले. सूर म्हणजे पितळी पाट्यांवर रिव्हेटने बसवलेल्या पितळी जिभा. त्या जर्मनीहून आणि पॅरिसहून यायच्या आणि खोकी इकडे बनायची. पुढे महायुद्धांनी तो माल तोडला, आणि गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांनी बाजार धरला. पेटीचा इतिहास म्हणजे मुख्यतः या सुरांचा इतिहास, आणि पेटी ओळखायचं कामही तिथेच होतं.

माझे उस्ताद माळीवाड्यात बसायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचा पहिला दंडक असा, की बिल्ला शेवटी बघायचा. बिल्ला म्हणजे समोरच्या फळीवर ठोकलेली कंपनीच्या नावाची पाटी. नवा माणूस तीच आधी वाचतो आणि मग पुढचं सगळं तिच्या उजेडात बघतो. चाचा बिल्ल्यावर फडकं टाकत आणि मला पेटी उलटी करायला लावत.

तरी बिल्ल्यात माहिती असते हे खरं. ब्रिटनने १८८७ साली परदेशी मालावर मूळ देश छापण्याचा कायदा केला आणि हिंदुस्थानात १८८९ साली तसाच कायदा आला. म्हणून ‘मेड इन जर्मनी’ दिसलं की ती वस्तू त्या सुमाराच्या नंतरची धरावी. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. नुसतं ‘बॉम्बे ४’ असेल तर बहुधा त्याआधीची. आत किमतीची चिठ्ठी निघाली आणि तिच्यावर आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची. त्या दिवशी नवे पैसे आले. पण या साऱ्या खुणा बिल्ल्याचं किंवा चिठ्ठीचं वय सांगतात. बिल्ला दोन खिळ्यांनी निघतो आणि दोन खिळ्यांनी दुसऱ्या पेटीवर बसतो. म्हणून मी बिल्ल्याच्या कडेने नख फिरवून बघतो. खाली पॉलिश न लागलेला, वेगळ्या आकाराचा डाग दिसला, किंवा जुनी भोकं मेणाने बुजवलेली दिसली, की ही पाटी पाहुणी आहे हे कळतं.

मग लाकूड, स्क्रू आणि सांधे चिकटवायचा पदार्थ. जुन्या पेटीत सरस असतो, जनावरांच्या कातड्या-हाडांचा. तो मधासारखा तपकिरी पडतो आणि गरम पाण्याचं फडकं धरलं की सुटतो. सांध्यातून पांढरट, रबरासारखा थर बाहेर आला असेल तर तो फेव्हिकॉल, आणि फेव्हिकॉल बाजारात आला १९५९ साली. सरसाच्या पेटीत एकाच कोपऱ्यात फेव्हिकॉल असेल तर त्या कोपऱ्याची दुरुस्ती नंतरची. स्क्रूच्या डोक्यावर अधिकाचं चिन्ह असेल तर तो अलीकडे बसवलेला, जुन्यांना एकच आडवी खाच. माझं नाकही कामाला येतं. जुन्या सागाचा वास, कसर लागलेल्या लोकरी फेल्टचा वास आणि उंदरांनी घर केल्याचा वास हे तिन्ही वेगळे, आणि तिसरा आला की गिऱ्हाइकाला भात्याचा खर्च आधीच सांगून ठेवावा.

पट्ट्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे कायदा आडवा येतो. पांढऱ्या पट्टीवरचं आवरण हाडाचं, हस्तिदंताचं, सेल्युलॉइडचं किंवा प्लास्टिकचं असतं. हाडावर भिंगातून बारीक काळसर ठिपके दिसतात. हस्तिदंतावर तिरप्या उजेडात लाकडाच्या रेषांहूनही नाजूक रेघा दिसतात. सेल्युलॉइड अंगठ्याने जोराने घासलं की कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून बघायची कुणी सांगितली तर ऐकू नये, सेल्युलॉइड भडकन पेटतं. हस्तिदंत निघालं की विकणाऱ्याला वाटतं, लॉटरी लागली. उलट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. अशी पेटी बाजारात मांडता येत नाही. मी मालकाला तसं स्पष्ट सांगतो.

आता सूर. पेटी उघडून सूरफळी बाहेर काढली की मी आधी काहीही वाजवत नाही. मऊ ब्रशने धूळ झाडतो, कारण जिभेच्या टोकावर बसलेली धूळ तिचं वजन वाढवते आणि सूर उतरतो. तसंच मोजलं तर पेटीचं नाही, धुळीचं माप मिळतं. मग भिंग लावून पाट्यांवरची ठोकलेली अक्षरं वाचतो. सी, डी, ई, एफ, जी, ए यांच्यानंतर बी ऐवजी एच असेल तर सूर जर्मन पद्धतीचे. जर्मन लोक आपल्या शुद्ध सातव्या पांढरीला एच म्हणतात आणि तिच्या शेजारच्या काळीला बी. बिल्ल्यावर काहीही लिहिलेलं असो, हे एक अक्षर त्याहून खरं बोलतं. पाटीचं टोक गोल असेल आणि त्याला आकड्याने ओढायची खाच असेल, तर ते सूर अमेरिकन ऑर्गनमधून काढून देशी पेटीत घातलेले. अमेरिकन सूर खाचेत सरकवून बसवतात, आपले फळीवर स्क्रूने आवळतात.

त्यानंतर जिभेवरच्या ओरखड्यांकडे वळायचं. माझ्या मते या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि लोकांना ती सर्वांत कमी माहीत असते. सूर चढवायचा असेल तर जिभेच्या टोकाकडे घासतात, टोक हलकं होतं. उतरवायचा असेल तर रिव्हेटजवळ घासतात, मूळ लवचीक होतं. प्रत्येक घासणीची रेघ पितळेवर राहते. कारखान्यातल्या रेघा एकसारख्या, लांबीच्या दिशेने आणि आता काळवंडलेल्या. त्यावर आडव्या, जरा कमी काळ्या रेघा असतील तर पहिली दुरुस्ती. त्यावर सोनेरी चमकणाऱ्या असतील तर अलीकडची. तिरप्या उजेडात धरलं तर एका जिभेवर तीन माणसांचे हात वेगळे दिसतात. एकाची कानस बारीक, दुसऱ्याची भरड, तिसरा घाईत होता. पितळ घासलं की परत येत नाही. चार वेळा वर-खाली घासलेली जीभ कागदासारखी होते, तिचा आवाज पातळ होतो आणि एक दिवस ती भजनाच्या ऐन रंगात तुटते. म्हणून किंमत ठरवताना मी सूर कुठल्या देशाचे हे पाहतो, पण त्याआधी त्यांच्यात पितळ किती उरलंय ते पाहतो.

पट्ट्यांची झीजही बोलते. काळी एकच्या आसपासच्या पट्ट्या मध्यभागी खोलगट झाल्या असतील तर गाणारा त्या पट्टीतला होता. आणि त्याच ‘सा’वरून गंधार चौदा-पंधरा सेंटनी (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला निघाला, बाकी सूर जागेवर असतील, तर तो बिघाड नसतो. स्वयंभू गंधार पेटीच्या समान अंतराच्या गंधाराहून तेवढाच खाली असतो. कुणीतरी कान असलेल्या माणसाने आपल्या गळ्यासाठी तो मुद्दाम तसा लावून घेतलेला असतो. सूर मोजायचं मशीन तिथे लाल दिवा दाखवतं आणि आजचा कारागीर तो हिरवा करून टाकतो. मला याचं फार वाईट वाटतं.

चर्चमधली वाद्यं निराळी. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला आहे. १८६० च्या दशकात इथेच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांनी त्याला घरोघर नेलं. त्यामुळे या जिल्ह्यात हातपेटी आणि पाय मारायचा ऑर्गन दोन्ही एकाच भाषेतली भजनं वाजवत आले. ऑर्गन अमेरिकन आहे की युरोपीय, हे मी उदबत्तीने बघतो. पट्टी दाबून, भाता मारत, उघड्या झडपेजवळ धूर धरायचा. धूर आत ओढला गेला तर वाद्य अमेरिकन धाटणीचं, ते हवा शोषून वाजतं. धूर बाहेर फेकला गेला तर फ्रेंच धाटणीचं, आपल्या पेटीसारखं. अमेरिकन असेल तर वय काढणं सोपं जातं. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीने शंभरेक वर्षांत पाच लाखांहून जास्त असे ऑर्गन बनवले आणि प्रत्येकाच्या आत क्रमांक घातला. त्या क्रमांकांच्या वर्षवार याद्या आज उपलब्ध आहेत. आपल्या देशी पेट्यांना असं काही नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत सरस, स्क्रू आणि ओरखडे यांच्यावरच भिस्त.

आणि भात्यावर. भात्याच्या घड्यांना आतून कागद आणि पुठ्ठा लावतात, आणि दुरुस्ती करणारा हाताशी असेल तो कागद लावतो. ‘कालनिर्णय’चं पान निघालं तर दुरुस्ती १९७३ नंतरची, त्याआधी त्या नावाची दिनदर्शिकाच नव्हती. लग्नपत्रिका निघतात, साखर कारखान्याच्या उसाच्या पावत्या निघतात. हे कागद मी फाडून टाकत नाही. ओल्या फडक्याने सोडवून, वाळवून, पाकिटात घालून पेटीसोबत परत देतो.

नेवासे तालुक्यातल्या एका गावची पेटी मला या सगळ्याची एकत्र आठवण करून देते. मंडळाचे जुने विणेकरी, सगळे त्यांना आण्णा म्हणतात, ती घेऊन आले तेव्हा सोबत दोन तरुण होते आणि एक अडचण होती. एका व्यापाऱ्याने पेटीला चाळीस हजार देऊ केले होते, कारण बिल्ल्यावर पॅरिसचं नाव होतं. निम्म्या मंडळाचं म्हणणं, विकून नवी स्केल चेंजर घ्यावी आणि उरलेल्या पैशात साउंड सिस्टिम. आण्णांचं म्हणणं, “मास्तर, विकायची का नाय ते आमी बघू. पन ही हाय काय, ते तुमी सांगा.”

मी तिला दोन दिवस ठेवून घेतलं. बिल्ल्याखाली लंबगोल डाग होता आणि बिल्ला चौकोनी, म्हणजे पॅरिस बाहेरून आलेलं. खोकं सागाचं, पूर्ण सरसाचं, आतले सगळे स्क्रू एका खाचेचे, बांधणी मुंबईच्या धाटणीची. ते दोन महायुद्धांच्या मधलं असावं असं माझं मत झालं. पेटी दोन सुरांची, म्हणजे आत सुरांचे दोन संच. खर्जाच्या संचावर एच अक्षर, म्हणजे जर्मन. दुसऱ्या संचाच्या पाट्या जाड, अक्षरं ठोकण्याची पद्धत वेगळी, पितळ पिवळं, ते पालिताण्याचे आणि नंतर घातलेले. भात्यातून ‘दीनमित्र’ची एक पट्टी निघाली. मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्याच तरवडीहून कित्येक दशकं चालवलेलं ते साप्ताहिक, १९१० साली सुरू झालेलं आणि १९६७ पर्यंत निघालेलं. म्हणजे भात्याचं ते काम याच मुलखात झालं असणार. त्यावर वरून ‘कालनिर्णय’चं ठिगळ. पाटलांच्या अंकाची पट्टी हातात आल्यावर आण्णा बराच वेळ ती वाचत बसले.

खरी गोष्ट मोजल्यावर कळली. जर्मन संचाचे सगळे सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आजच्या मापाहून वीसेक सेंटनी खाली होते. दोन-चार सूर उतरले असते तर पेटी बेसूर म्हटली असती. सगळेच सारख्या मापाने खाली असतील तर ते जुनं माप असतं. १८५९ साली फ्रान्सने आणि १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर बऱ्याच युरोपने ‘ए’ हा सूर सेकंदाला ४३५ कंपनांवर धरला होता. ४४० चं माप १९३९ च्या लंडन परिषदेत ठरलं. ४३५ आणि ४४० यांच्यातलं अंतर वीस सेंट. या एका गोष्टीवरून तारीख सांगू नये, कारण इथला कारागीरही आपल्या कानाने खाली लावू शकतो. पण जिभांवर कारखान्याच्या रेघांखेरीज जवळजवळ काही नव्हतं. त्या तशाच आल्या होत्या आणि तशाच राहिल्या होत्या.

मग मी पालिताण्याच्या संचाला भिंग लावलं. त्याच्या प्रत्येक जिभेवर रिव्हेटजवळ बारीक, सरळ, सारख्या दाबाच्या रेघा होत्या. ज्याने हा संच घातला त्याने नवे सूर उतरवून जुन्यांशी मिळवले होते, जुन्यांना हात लावला नव्हता. सोपं काम उलटं होतं, जुन्यांची टोकं घासून त्यांना वर आणायचं. त्या माणसाचं नाव पेटीत कुठेही नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी कुठल्यातरी ओट्यावर बसून, कानाने, एकेक सूर त्याने खाली आणला. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

किंमत सांगताना मी आण्णांना तीन आकडे वेगळे करून सांगितले. पॅरिसची पेटी म्हणून चाळीस हजार ही खोटी किंमत आहे, आणि मंडळाने देवळाच्या नावावर ती घेऊ नये. उद्या घेणारा उघडून बघेल तेव्हा बोट मंडळाकडेच येईल. मुंबईची जुनी पेटी म्हणून बाजारात तिला एखाद्या साध्या नव्या पेटीएवढेच पैसे येतील. आणि तिसरा आकडा मला देता येत नाही, कारण इतकं पितळ शिल्लक असलेला जर्मन संच विकत आणायला आज मी गेलो तर तो मिळेलच असं नाही. व्यापारी खोकं विकत घेणार होता. मोलाची वस्तू फळीच्या खालच्या बाजूला होती.

पेटीबद्दल मोठ्या लोकांनीही फार वाईट म्हटलं आहे. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, हे आक्षेप खरेच आहेत. याच कारणांनी ऑल इंडिया रेडिओने मार्च १९४० पासून तिच्यावर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. त्या काळात खेड्यातल्या देवळांनी मात्र तिला घट्ट धरून ठेवलं. शहरात सारंगी असेल, व्हायोलिन असेल. इथे वीस गळे एका पट्टीत धरून ठेवायला, पावसाळ्या-उन्हाळ्यात न उतरणारं, कुणाही पोराला शिकता येणारं दुसरं काय होतं? म्हणून या पेट्यांचं वय आणि मोल ठरवताना मला मैफलीचे निकष लावावेसे वाटत नाहीत.

तरुणांपैकी एकाकडे कीबोर्ड होता. त्याची तक्रार रास्त होती : दोन्ही एकत्र वाजवलं की कानाला खुपतं. एका दुकानात त्याला सांगितलं होतं, पेटी ४४० ला चढवून देतो, एका दिवसाचं काम. ते खरंच एका दिवसाचं काम आहे. प्रत्येक जिभेचं टोक घासलं की झालं. मी त्याला कीबोर्ड आणायला सांगितला. त्याच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंगचा आकडा होता, तो ४४० वरून ४३५ वर आणला आणि पेटीवर काळी एकचा सा धरायला लावलं. दोघांचे सूर बसले. त्याला इतका आनंद झाला की त्याने तिथेच एक गवळण पूर्ण वाजवली.

भात्याला नवं चामडं घातलं, फेल्ट बदललं, बिल्ला आण्णांच्या सांगण्यावरून काढून पाकिटात ठेवला. मंडळाच्या वहीत त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं : खोकं मुंबई, खर्ज संच जर्मन, दुसरा संच पालिताणा, ए बरोबर ४३५, सुरांना कानस लावू नये. खाली तारीख आणि माझी सही. तोच मजकूर कागदावर लिहून भात्याच्या आतही चिकटवला, सरसाने, म्हणजे पुढच्या माणसाला तो न फाटता सोडवता येईल.